डावीकडच्याचा शब्द

ताई, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनीतालाही नाही, आणि आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. नागपुरात, नंदनवन भागातल्या जोसेफ सरांच्या घरी दर गुरुवारी, अकरा वर्षं, मी तुमच्या डाव्या हाताला बसलो. दर गुरुवारी ‘मला हा शब्द ऐकू आला’ म्हणून एक शब्द सांगितला. त्यातला एकही मला ऐकू आलेला नव्हता. सगळे मी बुधवारी ऑफिसात ठरवून आणलेले असत.

तुम्ही गेलात त्याला आज तीन आठवडे झाले. चर्चच्या मंडळीच्या त्रैमासिकात ताईंवर तू लिही, असं सरांनी मला सांगितलं. “तुझ्याएवढं जवळ कोण बसलं गा त्यांच्या?” म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. जवळ मीच बसलो होतो. तुमचा जन्म, शिक्षण, कुठल्या दवाखान्यात किती वर्षं सिस्टर होतात, हे सगळं तुमचा राजेश लिहून देणार आहे. मी हे लिहितो आहे.

ज्यांनी आमचा गुरुवार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तुम्हाला ठाऊकच आहे, तरी ऐका. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, दहा-बारा वचनांचा उतारा असतो, तो आदल्या आठवड्यातच ठरलेला. सर एकदा वाचतात, सावकाश, गणिताचे मास्तर होते म्हणून प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून. मग शांतता. मग दुसरं कुणीतरी तेच वाचतं. पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. त्यानंतर गोल बसलेल्या प्रत्येकानं, वाचताना जिथे मन अडलं तो एकच शब्द सांगायचा. का अडलं ते सांगायचं नाही. त्यावर प्रवचन करायचं नाही. शेवटी तिसरं वाचन, आणि घरी जाताना आपला नाही तर आपल्या डावीकडच्याचा शब्द घेऊन जायचा. आठवडाभर त्या शब्दानिशी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. “आपला शब्द माणूस कुरवाळत बसते,” सर म्हणायचे. “दुसऱ्याचा उचलला की पाठ वाकते.”

आणखी एक नियम होता. ज्याला काहीच ऐकू आलं नाही त्यानं ‘रिकामा’ म्हणायचं. बाई असेल तर ‘रिकामी’. त्याला कुणी काहून म्हणून विचारायचं नाही.

अकरा वर्षांत मी एकदाही ‘रिकामा’ म्हणालो नाही.

पहिल्या गुरुवारी म्हणणार होतो. शपथेवर सांगतो, शब्द ओठावर आला होता. पण तुम्ही सगळे मला ओळखत होतात तो पाळकांचा मुलगा म्हणून. वडिलांनी चाळीस वर्षं चर्चच्या पुलपिटावरून ज्याचा आवाज लोकांना ऐकवला, तो त्यांच्या मुलाला ऐकू येत नाही, हे आठ-नऊ माणसांसमोर कसं सांगायचं? माझी पाळी आली आणि मी ‘दार’ म्हणालो. उताऱ्यात दार होतं की नव्हतं, हेही आज आठवत नाही. असावं. सरांनी डोळे मिटून मान हलवली. त्या मानेनं माझा घात केला.

पुढच्या आठवड्यापासून मी तयारी करू लागलो. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात माझं काम नकाशे काढायचं. बुधवारी दुपारी डबा खाऊन झाला की टेबलाच्या खणातून छोटा नवा करार काढायचा आणि उतारा चाळायचा. हळूहळू त्यात माझा हात बसला. ‘प्रेम’ घ्यायचं नाही, ते तीन जण घेणार. ‘विश्वास’ही नाही. क्रियापद शक्यतो टाळायचं, कारण ते करावं लागतं. वस्तूचं नाव सगळ्यात बरं: कोळसे, टोपली, दोर. साधं वाटतं, आणि खूप आतून आल्यासारखंही वाटतं. लग्नाला जाताना शर्ट निवडावा तसे मी देवाचे शब्द निवडत होतो, आणि लोकांनी बघावं पण बघितल्याचं मला कळू नये, एवढीच काळजी घेत होतो.

माझ्या डावीकडे सर बसायचे. त्यांचा शब्द माझ्यावर सोपवलेला असायचा. शुक्रवारी दुपारपर्यंत मी तो विसरलेला असे. हेही इथेच लिहून टाकतो.

आणि माझ्या उजवीकडे तुम्ही.

ती जागा तुम्हीच ठरवली होती. “मले उजव्या कानानं कमी ऐकू येते. हा पोरगा तोंडातल्या तोंडात बोलते. याच्या उजवीकडे बसली तर माझा डावा कान याच्याकडे राहीन.” बेचाळीस वर्षांच्या माणसाला तुम्ही पोरगा म्हणालात, आणि मला ते आवडलं. पण त्या जागेमुळे काय झालं, ते तेव्हा दोघांनाही कळलं नाही. अकरा वर्षं दर आठवड्याला माझा बनवलेला शब्द घरी न्यायची पाळी तुमच्यावर आली.

आता सांगतो ते मला अभिमानानं सांगायचं आहे. त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा ‘रिकामी’ कोण म्हणालं असेल, तर तुम्ही. ज्या बाईइतकं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, ती बाई महिन्यातून दोनदा तरी, पदर सारखा करत, अगदी सहज म्हणायची, “आज रिकामी.” लाजणं नाही, उसासा नाही. एकदा बाहेर चपला घालताना मी विचारलंच, वाईट नाही वाटत का? तुम्ही म्हणालात, “त्यात काय वाईट वाटाचं? वार्डात राउंडले गेली अन् पेशंट झोपलेला असला, तर मी काय त्याले उठवून विचारू, बोल ना गा काही? झोपला आहे. आहे ना पण. तेवढं पाहून परत याचं.”

तुमच्या उजवीकडे सुनीता बसायची. तुम्ही ‘रिकामी’ म्हणालात की तुमचं रिकामं तिच्याकडे. ती घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीजवळ, स्टीलचा एक रिकामा पेला तोंड वर करून ठेवायची. आठवडाभर तो तिथेच राहायचा. त्यात कुणी पाणी प्यायचं नाही. मी रोज सकाळी त्या पेल्यासमोर उभा राहून चहा प्यायलो आहे, ताई. अकरा वर्षं.

तुमचं वाचणं मी शेजारून पाहिलं आहे. जाड अक्षरांचं ते शास्त्र मांडीवर, आणि डाव्या हाताची तीन बोटं ओळीवर. फिरवायची नाहीत, नुसती ठेवायची, नाडी बघताना मनगटावर ठेवतात तशी. तुम्हीच एकदा सांगितलं होतं, की नव्या पोरींना तुम्ही काय शिकवायचात: “पेशंट काय सांगून राहिला ते तर कोणीही ऐकते. तो काय सांगून नाही राहिला, ते ऐकाले शिका.” शास्त्रही तुम्ही तसंच ऐकत होतात. देवाकडून काही काढून घ्यायची घाई तुम्हाला नव्हती. मला फक्त घाईच होती.

आणि कूलरवरून ते भांडण! सरांचा नियम असा, की वाचन सुरू झालं की कूलर बंद. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी साडेसहाला कूलर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून समजणार नाही. घाम पाठीवरून उतरून खुर्चीत साचायचा.

“सर, चालू ठेवा ना जी तो कूलर,” तुम्ही म्हणायचात.

“शांततेत ऐकू येते, सिस्टर.”

“मले अख्खी जिंदगी जनरल वार्डात ऐकू आलं. एकीकडे पोरगं रडून राहिलं, एकीकडे नातेवाईक भांडून राहिले, अन् त्यातच ऐकू येते कोणाचा श्वास अडकला ते. देवाले काय कूलरचा आवाज आड येते?”

“सिस्टर, देवाले नाही येत. आपल्याले येते.”

“तुमाले येत असंल बाप्पा.”

सगळे हसायचे. कूलर बंदच राहायचा. या वादाचा निकाल लागला नाही, पुढे त्याच्याकडे परत येतोच.

माझे शब्द तुम्ही नुसते घरी नेत नव्हतात, वापरत होतात. ते मला रविवारी कळायचं. उपासना संपली की दारातच अडवायचात. एकदा आपण माझ्या स्कूटरवर महालच्या बाजारात गेलो होतो, तुमच्या चष्म्याच्या काड्या बदलायला. गल्लीत पुढे एक हातगाडी आडवी झाली होती, मागे हॉर्न वाजत होते, आणि तुम्ही माझ्या खांद्याच्या मागून ओरडून विचारलंत, “अनिल, तुझा ‘दोर’ कसा आहे गा?”

“ठीक आहे ताई!”

“माझ्या हातात तो दोन दिवस नुसताच पडला होता. काल समजलं. दोर दुसऱ्या टोकाले कोणीतरी धरल्याशिवाय दोर नाही राहात, सुतळी होते. तुझं दुसरं टोक कोणाकडे आहे?”

मी हॉर्न वाजवला. उत्तर द्यायला नको म्हणून. तुम्ही त्या आठवड्यात त्या दोरावर दोन दिवस घालवले होते. मी त्यावर बुधवारी दुपारची चार मिनिटं घालवली होती.

तेव्हा सांगायला हवं होतं. ‘ताई, टाकून द्या तो, बाजारातला आहे.’ नाही सांगितलं. मग ‘घागर’ आली.

उतारा शोमरोनी बाईचा होता. प्रभू विहिरीवर थकून बसला आहे, भर दुपारी एक बाई पाणी भरायला येते, दोघांचं बोलणं होतं, आणि बोलणं संपल्यावर ती घागर तिथेच टाकून गावात पळते. बुधवारी मी विचार केला, ‘पाणी’ सगळेच घेतील, ‘विहीर’ही जाईल. घागर कुणाच्या लक्षात येणार नाही. लिहून ठेवलं, खण बंद केला. गुरुवारी माझी पाळी आल्यावर थोडा थांबलो, थांबायचं किती हेही आता सवयीनं जमत होतं, आणि म्हणालो, “घागर.”

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. एरवी पाहत नसायचात.

पुढच्या गुरुवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलात ते सरांच्या फाटकाशी मला थांबवायला. पाठीमागे तुमची ती चॉकलेटी बॅग. “मी कुहीले चालली,” म्हणालात. “सुमनकडे.”

सुमनबाई म्हणजे तुमच्या थोरल्या जाऊबाई, हे मला माहीत होतं. तुमचे मिस्टर गेले तेव्हा राजेश चार वर्षांचा होता, आणि याच सुमनबाईंनी तुम्हाला कुहीच्या सासरच्या घरातून, ‘तुझा येशू घेऊन जाय आपल्या नागपूरले’ म्हणत बाहेर काढलं होतं, हेही माहीत होतं. तीस वर्षं तुम्ही त्या बाजूची बसही धरली नव्हती. आता सुमनबाईंना लकवा झाला होता, दोन्ही मुलं सुरतेला, आणि बाई खाटेवर पडून होती. शेजारची एक बाई दोन वेळा भात टाकून जायची.

“महिना झाला मले समजून,” तुम्ही म्हणालात. “म्हटलं, मले काय करायचं? तिनं केलं, ती भोगून राहिली. अन् मग तुझी घागर घरी नेली. तुझ्यासाठी प्रार्थना कराले बसली, तर काही होईचना. घागर माझ्याच डोक्यावर. तीस वर्षांपासून मी रोज त्याच विहिरीवर जाऊन राहिली गा. तोच राग भराचा, घरी आणाचा, रात्रीपर्यंत पुरवाचा, सकाळी पुन्हा रिकामी घागर घेऊन जाचं. ती बाई टाकून गेली ना? मलेही टाकायची आहे. तुझा शब्द होता, पण लागला मले.”

तुमच्या डोळ्यांत जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सत्तरीला आलेली बाई, शुगर, हृदयात दोन ब्लॉक, आणि चेहरा शाळेची सहल निघाल्यासारखा.

मी म्हणालो, “ताई, तब्येत सांभाळा.”

एवढंच. फाटकाला धरून उभा होतो. माझ्याकडे सांगायला एक वाक्य होतं, आणि ते सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित गेला नसतात. किंवा तरीही गेला असतात. मला कळायला मार्ग नाही, कारण मी ते सांगितलं नाही. मी तब्येतीचं बोललो.

चौदा महिने तुम्ही कुहीत राहिलात. मी एकदाच आलो, दिवाळीनंतर, धान कापणीला आलं होतं तेव्हा. बसमधून उतरून बांध्यांच्या कडेनं चालत आलो तर आतून सुमनबाईंचा आवाज. अर्धं तोंड वाकडं, तरी जीभ शाबूत.

“कोण आला वं?”

“आमच्या गुरुवारचा अनिल.”

“हाही येशूवाला का?”

“हाही येशूवाला.”

“मग याले सांग मले उचलाले. तुझ्यात जीव नाही राहिला, मेले. परवा मले घेऊन पडत होती.”

“पडली का पण?”

“पडत होती ना!”

तुम्ही आणि मी मिळून त्यांना कुशीवर वळवलं. तुम्ही मला पाठ दाखवलीत, एखादी मुलगी प्रगतिपुस्तक दाखवते तशी. लख्ख पाठ. “अकरा महिने झाले खाटेवर. एक तरी जखम दिसते का पाह्य.” दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही, गजर लावून. मी नकाशे काढणारा माणूस, मला जखमांमधलं काय कळतं? पण तेव्हा मला जे वाटलं ते सांगतो. वडिलांची चाळीस वर्षांची प्रवचनं एका बाजूला ठेवली आणि ती पाठ एका बाजूला, तर मी ती पाठ निवडेन. वडील रागावणार नाहीत. त्यांनीही तीच निवडली असती.

दुपारी तुम्ही वाचायला बसलात. सुमनबाईंचा हुकूम आला, “ते विहिरीवालीचं वाच.” रोज तेच वाचायला लावतात, तुम्ही मला सांगितलंत. तुम्ही वाचलंत, तीन बोटं ओळीवर. वाचून थांबलात. मी खाली मान घालून बसलो होतो. तेवढ्यात सुमनबाई म्हणाल्या, “मी पाणी भरण्यात जिंदगी घातली, म्हणून विचारून राहिली. ती बाई तर पळाली गावात. मग तिची घागर कोणी उचलली?”

“लिहिलं नाही,” तुम्ही म्हणालात.

“असं कसं लिहिलं नाही? पितळेची असंल. कोणी सोडते का?”

तुम्ही हसलात, पोट धरून, खाटेच्या काठाला टेकून, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, “यानं उचलली वं. यानंच आणून देली मले.”

सुमनबाईंनी त्यांच्या चांगल्या डोळ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “चोरासारखाच दिसते,” म्हणाल्या.

तुम्ही अजूनच हसलात. मीही हसलो. ताई, त्या घरात त्या दिवशी माझ्याबद्दल खरं बोललेलं माणूस एकच होतं.

सुमनबाई गेल्या त्या तुमच्या हातावर. तुम्ही परत आलात तेव्हा सरांच्या घराच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबलात. वर्षभर गुरुवार केलेत. मग दवाखाना.

मी भेटायच्या वेळेत आलो, दुपारी चारला. ठरवून आलो होतो, आज सांगायचं. वॉर्डात गोंगाट होता. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा फोनवर कुणाशी तरी भांडत होता, ट्रॉलीचं एक चाक करकरत होतं. तुम्ही खुश होतात, आपल्या घरी आल्यासारख्या. “वाचून दाखव. एलियाचं वाच, डोंगरावरचं.” मी वाचलं. एलिया संदेष्टा डोंगरावर देवाची वाट बघत उभा, आणि आधी मोठा वारा, मग भूकंप, मग अग्नी, आणि त्यांच्यापैकी कशातच देव नाही. आणि मग तो हळू, कोमल आवाज.

“सरांना सांग,” तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “वारा आधी आला होता. कूलर बंद करून नाही आला देव.”

मग डोळे उघडलेत. “तुझा शब्द?”

मी म्हणालो, “शांती.”

लगेच म्हणालो. घरून आणला नव्हता, पण आणलेल्यासारखाच होता, कुठल्याही उताऱ्याला चालेल असा. सांगायला आलो होतो की मी खोटं बोलत आलो, आणि तुमच्या खाटेशी बसून पुन्हा खोटं बोललो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. डावा कान माझ्याकडे होता. म्हणालात, “इतक्या लवकर?”

तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. ‘इतक्या लवकर?’ तुम्ही रागावून विचारलं नव्हतं. तुम्हाला किती दिवसांपासून ऐकू येत होतं, हे मी आता कुणाला विचारू?

कब्रस्तानाच्या बाहेर राजेशनं मला बाजूला घेतलं. डोळे लाल. “काका, त्या गुरुवारच्या वाचनात आईच्या डोक्यात कुहीचं कोणी भरलं? डॉक्टर म्हणाले, त्या चौदा महिन्यांत हृदय थकलं. कोणी सांगितलं तिला?”

मी म्हणालो, “तुझी आई कोणाचं ऐकायची का रे?”

तो रडता रडता हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. राजेश, तू हे वाचशील. मी सांगितलं. माझ्या तोंडून आलेल्या शब्दावर तुझी आई कुहीला गेली, आणि तो शब्द मी ऐकलेला नव्हता, ऑफिसात निवडलेला होता. तुला जे वाटेल ते मला येऊन बोल. मी हॉर्न वाजवणार नाही.

हे वाचून सर म्हणतील, अनिल, शास्त्रात देव गाढवाच्या तोंडूनही बोलला आहे. बोलला असेल. पण त्या गाढवानं बुधवारी तयारी केली नव्हती. ती सूट मला नको, ताई. मी खोटा होतो ते होतोच. मला एवढंच म्हणायचं आहे, की तुमच्या त्या एका कानात असं काहीतरी होतं, की माझ्यासारख्याचं खोटंही तिथे पोचून खरं होऊन निघालं. मी चार मिनिटांत टाकलेला शब्द तुम्ही चौदा महिने, दर दोन तासांनी, कूस बदलून जगलात. माझ्या डोक्यात शरम आहे, पण छातीत शरमेपेक्षा मोठं काहीतरी आहे, आणि त्याला अभिमान म्हणायला मी आता घाबरत नाही. अकरा वर्षं मी या बाईच्या शेजारी बसलो. कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, बाकीचं नंतर.

गेल्या गुरुवारी आम्ही पुन्हा बसलो. तुमची खुर्ची तशीच ठेवली होती, कुणी सरकलं नाही. सरांनी शास्त्र उघडलं, चष्मा लावला, आणि उठून कूलर बंद करायला गेले. बटणापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग तसेच परत येऊन बसले. कूलर चालू राहिला. त्या घरघरीत वाचन झालं, दोनदा.

बुधवारी मी खण उघडला नव्हता. माझी पाळी आली. मी ऐकलं, खरंच ऐकलं. कूलरचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

“रिकामा,” मी म्हणालो.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. माझ्या उजवीकडे तुमची खुर्ची, आणि तिच्या पलीकडे सुनीता. तिनं मान खाली घातली. नियमानं आता माझं रिकामं तिच्याकडे जाणार होतं.

परत येताना स्कूटरवर तिनं विचारलं, “आजच काहून?”

“आजच नाही,” मी म्हणालो. “लिहितो. वाच.”

शुक्रवारी सकाळी चहा करायला गेलो तर ओट्यावर, खिडकीजवळ, स्टीलचा पेला होता. रिकामा, तोंड वर करून. आज सहावा दिवस. मी त्याच्यासमोर उभा राहून चहा पितो.

राजेशला मी उत्तर देणं लागत होतो, ते वर लिहिलं. तुम्हाला, ताई, मी ऐकून सांगितलेला एक शब्द देणं लागतो. तो अजून आलेला नाही.